घरी असतो

सिंगापुरात एक मराठी माणूस दुसऱ्याला भेटला की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारतो, "आपण कुठे असता?" विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. कुठल्या बँकेत आणि कुठल्या खुर्चीवर, एवढंच हवं असतं. मी तर या प्रश्नाची वाटच बघत असे, कारण माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव बरंच लांब होतं आणि काम बरंच कमी. नाव सांगून होईपर्यंत समोरचा कामाबद्दल विचारायचं विसरून जाई.

हेमंत वझेला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका गणपतीच्या संध्याकाळी, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत. उंच, किंचित पोक काढून उभा राहणारा तिशीतला माणूस. खांद्यावर झोपलेली मुलगी, आणि तिच्या तोंडातून निघालेला गुळाचा ओघळ त्याच्या नव्या झब्ब्यावर खाली खाली येत होता. रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपण कुठे असता?"

"घरी असतो," तो म्हणाला.

रांग जराशी थबकली. आमच्यात नोकरी नसलेल्या माणसाला कन्सल्टंट म्हणायची पद्धत होती. गृहस्थांनी मोठ्या मनाने तो शब्द पुढे केला. "म्हणजे, कन्सल्टन्सी?"

"नाही हो, घरीच. मुलगी लहान आहे."

"अच्छा, म्हणजे सध्या ब्रेक घेतलाय."

"ब्रेक कुठला मिळतोय," हेमंत म्हणाला, आणि मुलीचं तोंड स्वतःच्या बाहीला पुसून पुढे सरकला.

चौकशी केली तर तो आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या डोक्यावर दोन मजले राहत होता. आमची वस्ती, सेंगकांग, तेव्हा नवीनवी होती. झाडं माणसांपेक्षा बुटकी होती आणि जिकडेतिकडे तरुण जोडपी आणि बाबागाड्या. हेमंत भोसरीच्या एका कारखान्यात डिझाइन खात्यात होता. बायकोला, मंजिरीला, इथल्या बँकेत नोकरी लागली तेव्हा तिच्या मागोमाग आला. इथे नोकरी बघायची असं ठरलेलं होतं. तेवढ्यात रेवा झाली. मंजिरीची रजा संपत आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, मुलीचं काय करायचं. मेड ठेवायची, पाळणाघरात घालायची, का नाशिकला मंजिरीच्या आईकडे पाठवायची? त्या काळात कितीतरी जोडप्यांची मुलं अशी आजोळी वाढत होती आणि आईवडील त्यांचे फोटो ऑफिसच्या टेबलावर लावत होते. हेमंत म्हणाला, "मी बघतो." आपल्याकडे पुरुष असं म्हणाला की पुढे काही होत नाही. हा खरोखरच बघत बसला.

त्याची आणि माझी गट्टी जमली ती माझ्या गुडघ्यामुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी काही महिने घरी पडलो. पहिल्या आठवड्यातच माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, लक्षात आलं की मी ऑफिसात जातो ती घराच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. मी ते वाक्य घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिने कागद वाचला. म्हणाली, "जा त्या हेमंतबरोबर, फिरून या. तो एकीला सांभाळतोच आहे, त्यात आणखी एक."

तेव्हा रेवा दोन वर्षांची होऊन थोडे दिवस झाले होते. तिचा आणि माझा चालण्याचा वेग अगदी सारखा होता. थांबायची कारणं मात्र वेगळी होती. मी गुडघा दुखला की थांबे. ती मुंगी दिसली की थांबे. हेमंत दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे थांबे. "घाई कुणाला आहे?" हे त्याचं वाक्य. लिफ्टमध्ये रेवाने सगळ्या मजल्यांची बटणं दाबली आणि आत अडकलेले लोक हाशहुश करायला लागले की तो त्यांच्याकडे बघून हेच इंग्रजीत म्हणे. लोकांना घाई होती हे उघड होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते बोलून दाखवायची लाज वाटत असावी.

दुसरी गोष्ट म्हणजे तो मुलीला अहोजाहो करत असे. कौतुकाने चार वेळा नव्हे, कायम. "रेवाबाई, बूट कुठे ठेवलेत आपण?" "आज केस धुवायचे का, काय म्हणणं आहे?" "अहो, ते तोंडात नाही घालायचं, ते सुरेशदादांचं आहे." शेवटचं वाक्य माझ्या काठीच्या रबरी टोकाबद्दल होतं. मी एकदा विचारलं, हे काय खूळ आहे. तो म्हणाला, "दादा, दिवसभरात शंभर वेळा चिडायची वेळ येते. अहो म्हणून ओरडताच येत नाही. करून बघा." मी घरी वंदनावर करून बघितलं. तिने विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?"

त्याचे खिसे हा एक स्वतंत्र विषय होता. रुमाल काढायला हात घातला की आधी केसांची पिन यायची, मग अर्धा टोस्ट, कपड्यांचा चिमटा, एक मोजा, आणि शेवटी जो रुमाल यायचा तो रुमाल म्हणण्याच्या अवस्थेत नसायचा. डाव्या खांद्यावर वरणाचा डाग कायम. शर्ट बदलले तरी डाग तिथेच, इतका की मला तो शिवूनच घेतलेला वाटे.

जेवण भरवायचं तेही घरात नाही. वाटीत मऊ भात घेऊन तो मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये निघायचा. आपल्याकडे काऊचा घास, चिऊचा घास असतो. सेंगकांगला कावळे फिरकत नसत, म्हणून याने शेजारी घेतले होते. प्रत्येक दारासमोर एक घास, त्या दारवाल्याच्या नावाने. टोकाच्या घरात मिसेस टान राहायच्या. साठी उलटलेल्या, फुलाफुलांच्या पायजम्यात, दारासमोरच्या कुंड्यांना पाणी घालत असायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी हेमंतला वरपासून खालपर्यंत बघून, वाक्याच्या शेवटी आह, लाह नाहीतर वन लावणाऱ्या इथल्या इंग्रजीत विचारलं होतं, "डॅडी नो वर्क, आह?"

"धिस इज वर्क, आंटी."

"बट नो पे, वन."

एवढ्या स्पष्टपणे हा विषय कुणी मांडला नव्हता. हेमंतला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या. पुढे पुढे आंटी स्वतःच्या घासाची वाट बघत दारात उभ्या राहू लागल्या. एकदा रेवाने त्यांचा घास थुंकला तर दोन दिवस रुसल्या होत्या.

आमचा चिरंजीव तेव्हा सेकंडरीत होता. तो एकदा हेमंतला कॉरिडॉरमध्ये बघून आला आणि मला म्हणाला, "दॅट अंकल सो कूल, लाह. पप्पा, यू नेव्हर डू, वन." मी पेपर उलटा करून वाचायला लागलो.

पण हेमंतची सगळ्यांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे एलआरटी. सेंगकांगला मोठ्या स्टेशनातून एक छोटी, एका डब्याची गाडी सुटते. तिला ड्रायव्हर नाही. ती उंचावरून, लोकांच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडक्यांना खेटून, बांबूवर वाळत घातलेले कपडे दाखवत वस्तीभर गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. एका दुपारी रेवा काही केल्या झोपेना म्हणून हेमंत तिला घेऊन त्या गाडीत बसला. दुसरं स्टेशन यायच्या आत ती झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती सवयच झाली. पाळण्यात ठेवलं की डोळे टक्क उघडे. गाडीच्या दाराची टिंगटिंग वाजली की पेंग. जेवणानंतर बाबागाडी ढकलत तो स्टेशनावर जायचा, चढायचा, ती झोपायची, तो गोल गोल फिरत बसायचा आणि ती जागी झाली की उतरायचा.

यावर आमच्यातल्या झाडून सगळ्या बायकांचं एकमत होतं की पुरुषाने मूल वाढवलं की असं होतं. वंदना म्हणाली, "तुम्ही सांगा त्याला. उद्या इंडियाला गेली की कशी झोपणार ती?" मी सांगायला म्हणून एकदा त्याच्याबरोबर गाडीत बसलो. मला जाग आली तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा त्याच स्टेशनातून चाललो होतो. रेवा अजून झोपलेली होती. तिचं डोकं खिडकीशी आलं होतं, आणि काच आणि डोकं यांच्यामध्ये हेमंतने आपला तळहात उशीसारखा धरून ठेवला होता. किती वेळ धरला होता कोण जाणे. गाडी वळणावर जराशी हिसका देई तेव्हा बोटांची मागची बाजू काचेवर टकटक वाजत होती.

"हात भरून येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. मग दुसऱ्या बाजूला बसतो."

मंजिरीच्या आईला सगळे माई म्हणत. त्या नाशिकला मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त झाल्या होत्या आणि एकट्या होत्या. त्यांचं हेमंतच्या या उद्योगाबद्दल काय मत आहे हे सगळ्या ब्लॉकला ठाऊक होतं. फक्त हेमंतला त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण जावयाला तोंडावर काही बोलायचं नसतं. त्या मंजिरीला फोन करत, मंजिरी वंदनाला सांगे, वंदना मला सांगे, आणि मी आपला हेमंतबरोबर मुंग्या बघत बसे.

एकदा रेवा आठवडाभर नीट जेवली नाही. नाशिकहून हुकूम आला की दृष्ट काढा. हेमंतने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन रेवावरून ओवाळल्या. पण टाकायच्या कुठे? घरात विजेची शेगडी. आमच्या इमारतीखाली मोकळ्या जागेत पत्र्याचा एक मोठा डबा असे. चिनी शेजारी पितरांसाठी त्यात कागदाच्या नोटा जाळत. हेमंत मूठ मिटून खाली गेला. मिसेस टान तिथे कागद जाळतच होत्या. त्याने रीतसर परवानगी मागितली. "आंटी, कॅन आय बर्न सम चिली?"

आंटींनी मुठीत डोकावून बघितलं. "युअर ॲन्सेस्टर ईट सो स्पायसी, आह?"

त्याने मूठ आत टाकली. वारा नेमका इमारतीकडे होता. पुढच्या काही मिनिटांत खालच्या कॉफी शॉपमधल्या म्हाताऱ्यांपासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे खोकत होते. मी गॅलरीतून डोळे पुसत खाली बघितलं तर आंटी टान एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने हेमंतच्या पाठीवर थोपटत होत्या. त्या दिवशी फोनवर माईंनी विचारलं म्हणे, ठसका लागला का? आपल्याकडे मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं धरतात. मंजिरीने सांगितलं, "आई, अख्ख्या ब्लॉकला लागला." माई म्हणाल्या, "मग दृष्ट नव्हतीच. जेवणच नीट करत नसतील."

त्यानंतर माईंनी ठरवलं की आता पुरे. त्या वर्षी अधिक महिना आला आणि जावयाला अधिकाचं वाण द्यायला म्हणून माई सिंगापूरला आल्या. डब्यात तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, धोतरजोडी. हेमंतला पाटावर बसवून, कुंकू लावून, ओवाळून त्यांनी वाण दिलं. आम्ही जेवायला होतो. अनारसे उत्तम होते, मी चार खाल्ले. पान वाढून होईपर्यंत माईंनी दुसरी गोष्टही सांगून टाकली, अर्थात मंजिरीकडे बघत. जाताना रेवाला बरोबर नेईन. शाळेत घालायच्या वयाची झाली की परत आणा. तेवढ्यात हेमंतरावांची नोकरीही मार्गाला लागेल. तिचं तिकीट मी काढूनच आलेय.

मंजिरी काही बोलली नाही. तिला आधी माहीत होतं हे तिच्या न बोलण्यावरून कळत होतं. घर एका पगारावर चाललं होतं, ऑफिसात लोक नवऱ्याबद्दल विचारत होते, आणि आई काही शत्रू नव्हती. हेमंतने रेवाच्या तोंडातला अनारशाचा तुकडा बोटाने काढला आणि म्हणाला, "रेवाबाईंना विचारून सांगतो."

हे तो नेहमीच म्हणे, आणि आम्ही नेहमी हसत असू. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मला वाटलं आता घरात रणधुमाळी होईल. झाली ती फक्त चहावरून. जावयाने केलेला चहा सासूने बसून प्यायचा, हे माईंना काही केल्या झेपेना. दुपारी हेमंतने पातेलं ठेवलं की त्या उठायच्या. पातेल्याचा आवाज होऊ नये म्हणून तो ते हळू ठेवायचा, तर त्यांना साखरेच्या डब्याचं झाकण ऐकू यायचं. तो भांडी घासायला लागला की त्या त्याच्या हातातून काथ्या काढून घ्यायच्या, तो फडकं घ्यायचा, त्या फडकंही मागायच्या. "राहू द्या हो हेमंतराव." "असू द्या हो आई." त्या दोघांचं एवढंच संभाषण दिवसभर चाले. बाबागाडी कुणी ढकलायची हे ठरेना म्हणून पहिले काही दिवस दोघंही ढकलत होते. एक दांडा त्यांच्या हातात, एक त्याच्या. गाडी तिरपी चाले. आतल्या रेवाला फार मजा वाटे.

हेमंतने मात्र एक गोष्ट सुरू केली. तो माईंना सगळं दाखवायला लागला.

"आई, यांना डाव्या कडेवर घेतलं की मान खुपसून बसतात, उजव्या कडेवर घेतलं की केस ओढतात. बघा घेऊन."

"पडल्या की लगेच धावायचं नाही. आधी आपल्या तोंडाकडे बघतात, आपण घाबरलोय का ते. आपण झाडाकडे बघायचं."

"ताप येणार असला ना, की आदल्या दिवशी फार शहाण्यासारख्या वागतात. बूट जागेवर ठेवतात. असं दिसलं की औषध उशाशी ठेवायचं."

माई कान देऊन ऐकत होत्या. मी इमारतीखालच्या बाकावर बसून गुडघा चोळत होतो. जन्मभर पोरांना शिकवलेल्या बाई, पण नवीन वर्गात आल्यासारख्या मागे मागे चालत होत्या, मध्येच विचारत होत्या, "आणि भात नको म्हणाली तर?" "मग तुम्ही खायला लागायचं, त्यांच्या वाटीतला. लगेच हिसकावून घेतात." दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये माई मिसेस टानच्या दारासमोर उभ्या राहून रेवाच्या वाटीतला मऊ भात गंभीर चेहऱ्याने खात होत्या. आंटी मला म्हणाल्या, "अंकल, धिस ग्रँडमा टेक हर गो इंडिया, आह? कॅनॉट, लाह. देन हू ईट माय वन?"

मला राहवलं नाही. एका दुपारी एलआरटीच्या फलाटावर मी हेमंतला म्हटलं, "अरे, तू त्यांना शिकवतोस काय? भांड. म्हण, नाही पाठवणार."

माई बाबागाडीपाशी जरा लांब उभ्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आई वाईट काही म्हणत नाहीयेत, दादा. मंजिरीची ओढाताण मलाही दिसते. आणि मला राग आलाय म्हणून मुलगी ठेवून घ्यायची, हे काही बरोबर नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "जायचंच असेल तर सगळं माहिती असलेल्या माणसाबरोबर जाऊ दे. निदान ताप येणार हे तरी कळेल."

गाडी आली. आम्ही चौघं बसलो. दारं टिंगटिंगली, रेवाच्या पापण्या जड झाल्या. त्या दिवशी ती खिडकीकडे न कलंडता माईंच्या बाजूला कलंडली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. माईंनी पदराचं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं. हेमंतचा तळहात मात्र खिडकीच्या काचेपाशी तसाच होता. तिथे आता कुणाचं डोकं नव्हतं. वळण आलं, बोटं काचेवर टकटकली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

माई त्या हाताकडे बघत होत्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. तो हात खाली आला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात माई आमच्याकडे मेथी निवडायला आल्या. वंदनाने कुठूनतरी दोन जुड्या पैदा केल्या होत्या. हेमंत बाजारात गेला होता म्हणून रेवाही त्यांच्याबरोबर होती. ती थोडा वेळ मेथीची पानं माझ्या चहात टाकत बसली, मग माईंच्या मांडीवर चढली, आणि बघता बघता झोपून गेली. गाडी नाही, टिंगटिंग नाही, आमचा जमिनीवरचा पंखा फक्त घरघरत होता. चांगली दोन जुड्या होईपर्यंत झोपली. वंदना मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "बघा. सवय मोडली की नाही? आता नाशकात काही अडचण नाही." माईंनी मान वर केली नाही. एक एक काडी खुडत राहिल्या.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना सगळ्यांना जेवायला बोलावलं. रेवाची छोटी बॅग भरून झाली होती. मंजिरीच ते सांगत होती आणि सांगताना वंदनाकडे बघत नव्हती. हेमंतने बॅगेत काय काय घातलंय याची मला दोनदा उजळणी दिली. मी म्हटलं, मला काय सांगतोस, मी नाही चाललो. तो हसला. दाढी करायची राहिली होती त्याची.

जेवणं झाली. माईंनी हात धुतले, खुर्चीवर बसल्या, आणि मंजिरीला म्हणाल्या, "अगं, मी रेवाला नाही नेत."

वंदनाच्या हातात दह्याचं भांडं होतं, ते तसंच राहिलं.

"झोपायची कशी ती?" माई म्हणाल्या. "तिला ती गाडी लागते झोपायला. नाशकात कुठे आहे तसली गाडी? माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी वंदनाकडे बघितलं, वंदनाने माझ्याकडे. मेथीच्या दिवशीची ती झोप आम्हा दोघांनाही स्वच्छ आठवत होती. माईंना तर मांडीला मुंग्या येईपर्यंत आठवत असणार. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मुख्याध्यापिका बाई वर्गाकडे बघतात तसं. आम्ही दोघंही गप्प बसलो.

मंजिरीने विचारलं, "पण आई, यांच्या नोकरीचं मग..."

"त्यांची चालू आहे की," माई म्हणाल्या. "महिनाभर बघतेय मी."

मंजिरी उठून मोरीपाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. हेमंतने रेवाला कडेवर घेतलं, डाव्या. तिने मान खुपसली. तो तिला म्हणाला, "काय रेवाबाई, ऐकलंत का?" एवढंच. मग त्याने तिला मंजिरीकडे दिलं आणि आमच्या स्वयंपाकघरात गेला. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं.

माई उठल्या नाहीत. चहा आला. जावयाने कप हातात दिला आणि सासूने तो बसून, दोन्ही हातांनी धरून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. नंतर वंदनाला हळूच म्हणाल्या, "साखर जास्त घालतात. पण आलं छान ठेचतात."

गुडघा बरा झाला, मी पुन्हा कामाला लागलो, आणि पुढे आम्ही सेंगकांग सोडून जुरोंग ईस्टला राहायला गेलो. बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की सिंगापुरातही माणसं परगावी गेल्यासारखी होतात. सणावारी फोन, कधीतरी निरोप. हेमंतला कुणी विचारलं की तो अजून "घरी असतो" म्हणतो आणि लोक अजून त्याला कन्सल्टन्सी सुचवतात, असं कळायचं.

मग आमच्या जुन्या फ्लॅटची किल्ली नव्या मालकाला द्यायला मी एका दुपारी सेंगकांगला गेलो. स्टेशनातून एलआरटी पकडली. डब्यात फारसं कुणी नव्हतं. खिडकीपाशी हेमंत बसला होता. केस थोडे विरळ झालेले. डाव्या खांद्यावर डाग, आता वरणाचा नाही, रंगाचा होता. मांडीवर बालवाडीचं दप्तर आणि पाण्याची बाटली. तो गाढ झोपलेला होता.

शेजारी बाकावर, बूट काढून, गुडघ्यांवर उभी होती रेवा. शाळेचा निळा पिनाफोर, दोन वेण्या, एक सुटलेली. बापाचं डोकं खिडकीकडे कलंडलं होतं. तिने हात लांब करून, अंग ताणून, आपला इवलासा तळहात त्याचं डोकं आणि काच यांच्यामध्ये घातला होता. तो हात कसा पुरणार? अर्ध्याहून जास्त डोकं काचेवरच होतं. पण वळण आलं की ती दात आवळून जोर लावी.

मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. मी तोंड उघडणार एवढ्यात तिने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"बाबा झोपलेत," ती कुजबुजली. "अंकल, डोन्ट टॉक, लाह. वी गो वन मोर राउंड."

माझं स्टेशन आलं. दारं टिंगटिंगली, उघडली, मिटली. मी समोरच्या बाकावर बसून राहिलो.